पाच गाड्यांची चळत

आल्बुकर्की, १२ मे

मीनो,

तुझ्याशी बोलणार नाही अशी शपथ मी चिमायोच्या देवळात घेतली होती. लिहिणार नाही अशी घेतली नव्हती. पाय उंच टांगून छताकडे बघत पडल्या पडल्या मी यावर बराच विचार केला, आणि यात देवाला फसवल्यासारखं काही नाही असं माझं मत झालंय. तेव्हा हे पत्र. इसाउराच्या हाती देते आहे. तुझी बायको ते वाटेतच वाचेल, पण तू तिला रागावू नकोस. इथे रोज दोन तास गाडी चालवून येते ती, एवढा हक्क तिला आहे.

शपथ पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे इथल्या औषधांनी मला तिचा विसर पडला असं तुला वाटायला नको. तू तोडलेल्या आईच्या तीन जर्दाळू झाडांच्या जागी जोवर तुझ्या त्या जमिनीला पोट घासत चालणाऱ्या पाच शोभेच्या गाड्या उभ्या आहेत, तोवर माझ्या तोंडून तुझ्यासाठी शब्द निघणार नाही. नऊ वर्षं पाळली मी ती. अंगणाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तू, आणि मध्ये बिचारा चातो. "चातो, त्या माणसाला सांग, पाटाच्या पाण्याची पाळी आज त्याची आहे." "चातो, त्या बाईला सांग, मला ऐकू येतं." खोऱ्यातल्या कुठल्याच कुत्र्याला एवढं काम नसेल.

आता जे झालं ते. लोकांनी तुला काय काय सांगितलं असेल देव जाणे, म्हणून माझ्याकडून ऐक. गुड फ्रायडेला मी दरवर्षीसारखी चिमायोला पायी निघाले होते. रस्त्याच्या कडेनं माणसांची रांग लागलेली. म्हातारा क्लेओफास गाडी हळूहळू चालवत खिडकीतून चालणाऱ्यांना संत्री देत होता. त्याची आई द्यायची, म्हणून तोही देतो. शेजारच्या सीटवरची पिशवी कलंडली, ती धरायला तो वाकला, आणि गाडी कडेला आली. माझ्या अंगावर आधी संत्री आली, मग गाडी.

त्यानंतर तो माझं डोकं मांडीवर घेऊन खडीत बसला, रडत होता, आणि रडता रडता संत्रं सोलून मला एकेक फोड भरवत होता. मी त्याला शिव्या देत होते आणि खात होते. त्या माणसावर मला रागावता येत नाही, मीनो. बाकी कोणावर जमत असलं तरी.

पण त्याच्याकडे विमा आहे तो कायद्याला लागतो तेवढाच, अगदी किमान. त्याच्या कंपनीनं सगळाच्या सगळा देऊन टाकला आणि पहिल्या शस्त्रक्रियेतच तो संपला. आता इथले डॉक्टर म्हणतात की गुडघ्याखालचं हाड वाकडं जुळलंय. पुन्हा उघडून सरळ करावं लागेल. नाही केलं तर वॉकरची चौकट धरून घरातल्या घरात फिरता येईल. मी विचारलं, "आणि माग?" त्यांनी विचारलं, "म्हणजे काय?" मी सांगितलं, आमचा माग उभ्यानं चालवायचा असतो, दिवसभर, एकदा या पायावर भार, एकदा त्या. डॉक्टर म्हणाले, "मग नाही." एवढंच म्हणाले. मी घोंगड्या विणणारी बाई आहे. मला दुसरं काही येत नाही आणि शिकायचंही नाही.

वकीलबाई लुसेरो तुला आठवत असेल, पोस्टातल्या रुबेनची मुलगी. ती आली आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "घरात आणखी कोणाच्या गाड्यांचा विमा आहे का?" मी म्हटलं, "घरात मी आणि माग." इसाउरा कोपऱ्यातून म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या पाच गाड्या आहेत." लुसेरोबाई खुर्चीतून उठलीच. "पाच? एकाच पॉलिसीवर?"

मग तिनं मला समजावलं. धडक देणाऱ्याचा विमा तोकडा पडला तर आपल्याच पॉलिसीतून वरचं मिळावं अशी एक सोय असते. मी म्हटलं, मी तर पायी होते, गाडीत नव्हतेच. ती म्हणाली, हा विमा पत्र्याला नसतो, माणसाला असतो. पॉलिसीवाल्याला आणि त्याच्या घरात राहणाऱ्या रक्ताच्या माणसाला. मग तो गाडीत असो, रस्त्यावर असो. आणि आपल्याकडे एका पॉलिसीवर पाच गाड्या असतील, पाचांचे पैसे भरलेले असतील, तर पाचही गाड्यांची ही सोय एकावर एक रचून एकाच माणसाला घेता येते. मी तिला म्हटलं, "म्हणजे कडाक्याच्या थंडीत घरातल्या पाच घोंगड्या एकाच आजाऱ्यावर घालतात तसं?" ती म्हणाली, "अगदी तसं. क्लेओफासकडून जेवढं मिळालं तेवढं मात्र वजा होतं, ते एका गाडीच्या सोयीएवढंच आहे, म्हणजे एक घोंगडी गेली. तुमच्या भावाची एकच गाडी असती तर हाती शून्य आलं असतं. इथे चार उरतात." चार घोंगड्यांत शस्त्रक्रियाही होते आणि वर्षभर माग बंद राहिला तरी निभावतं.

इसाउरानं मला त्या विमा एजंटचीही गोष्ट सांगितली. तो तुला म्हणाला होता, "चार गाड्या वर्षभर शेडमधून हलत नाहीत, त्यांच्यावर हे जास्तीचं कशाला भरतोस? नको म्हणून इथे सही कर, पैसे वाचतील." आणि तू म्हणालास, "पाच पोरं असली तर तू एकालाच जेवायला वाढतोस का?"

त्या वेळी इसाउरानं हे मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मूर्खच आहे. आज सांगितलं तेव्हाही मी तेच म्हटलं, पण डोळे पुसत.

तर मीनो, तुझ्या मूर्खपणाबद्दल मनापासून आभार. जर्दाळूंची गोष्ट वेगळी. ती मी विसरलेले नाही.

तुझी बहीण
फ्रासिया

आल्बुकर्की, ३ जून

मीनो,

घोळ झाला आहे. मी केला. इसाउरानं तुला तिच्या पद्धतीनं सांगितलं असेलच, हातवारे करकरून. आता माझ्या पद्धतीनं सांगते.

विमा कंपनीची बाई आली होती. चांगली होती. खुर्ची ओढून बसली, पाय कसा आहे विचारलं, आवाज टिपायचं यंत्र टेबलावर ठेवलं. म्हणाली, "सहजच दोन-चार प्रश्न. तुम्ही आणि तुमचे बंधू एकत्र राहता ना?"

आता तूच सांग, नऊ वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला होता का? माझ्या मनात उत्तर तयारच होतं. मी म्हटलं, "एकत्र? बाई, त्या माणसाशी मी बोलत नाही."

"स्वयंपाक?"

"माझा वेगळा. त्याच्या घरी तिखट कमी घालतात."

"दार?"

"माझं वेगळं. निळं आहे. त्याच्या दाराकडे मी बघत नाही, त्यामुळे त्याचा रंग विचारू नका."

"मग त्यांच्याकडून तुमच्याकडे काहीच येत नाही?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी उत्साहात. म्हटलं, "येतं ना. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी वाडगं येतं, पानोच्याचं, मोड आलेल्या गव्हाच्या गोड खिरीचं. पण त्याचा अर्थ समजून घ्या. उपासाच्या दिवसांत आमच्याकडे गावभर वाडगी फिरतात, या घरातून त्या घरात. वाडगं कोणाला पाठवतात? परक्या घराला. आपल्याच घरात कोणी वाडगं पाठवतं का? आपल्या घरात माणूस भांड्यातून घेतो. तो मला वाडगं पाठवतो, म्हणजे त्याचं घर वेगळं आणि माझं वेगळं. नऊ वर्षं त्यानंच ते सिद्ध केलंय."

केवढी खूश झाले होते मी त्या उत्तरावर! कंपनीच्या बाईनंही मान डोलावली. म्हणाली, "फार स्पष्ट बोलता तुम्ही." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी लुसेरोबाई आली ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "मावशी, तुमच्या तोंडाला कुलूप नाही का हो?" कंपनीचं म्हणणं आता असं आहे की मी तुझ्या घरातली नाही. शेजारी राहणारी आहे. आणि शेजारणीवर घोंगड्या घालत नाहीत, एकही नाही. हे सगळं माझ्याच तोंडचं, माझ्याच आवाजात.

इसाउरा उभी होती. मोठी बहीण म्हणून 'माना' म्हणते ती मला, कधी उलटून बोलत नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी बोलली. "माना, नऊ वर्षं तुम्हाला गप्प बसता आलं. आणि ज्या दिवशी बसायचं त्या दिवशी दहा मिनिटं जमलं नाही?"

मी भिंतीकडे तोंड केलं. पायामुळे तेही अर्धंच करता आलं.

आता पुढचं ऐक, हे महत्त्वाचं आहे. ते तुला बोलावणार आहेत. आल्बुकर्कीत त्यांच्या ऑफिसात, शपथेवर प्रश्न विचारणार आहेत. लुसेरोबाई म्हणते, तू काय बोलतोस यावर सगळं आहे. मीनो, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. हात वर करून खोटं बोललास आणि त्यातून माझा पाय सरळ झाला, तर त्या पायानं मला चिमायोला जाता येणार नाही. मी आयुष्यभर चौकट धरून फिरेन, ते चालेल. म्हणजे चालणार नाही, पण तू खोटं बोलू नकोस.

मला भीती वाटते आहे. हे मी इसाउरालाही सांगितलेलं नाही, वाटेत वाचेल तेव्हा कळेल तिला.

फ्रासिया

आल्बुकर्की, ११ जून

मीनो,

तू तुझी 'नवरी' गाडी विकायला काढलीस असं कळलं.

इसाउरा सांगायला तयार नव्हती. तिचा चेहरा मी वाचला. मग सगळं बाहेर आलं. विमा नाहीच मिळाला तर निदान शस्त्रक्रियेपुरते असावेत म्हणून एस्पान्योला गावातल्या कोणाला तरी तू पांढरी गाडी दाखवलीस, तो दोनदा येऊन तिच्याभोवती फिरून गेला. आणि वर तू इसाउराकडे निरोप दिलास की, "तिला विचार, एक गाडी गेली तर शपथ पाचवा हिस्सा सुटते का?"

नाही सुटत. शपथ म्हणजे काय चीजची वडी आहे का, कापून घ्यायला?

मी इसाउराला म्हटलं, विकू दे की, पाचातली एक गेली तर त्याचं काय जातं? तेव्हा ती रडायला लागली. म्हणाली, "माना, तुम्ही त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नाहीत. नवरीच्या डिकीवर काय रंगवून घेतलंय ते तुम्हाला माहीत नाही. दोन हिवाळे पैसे साठवून घेतलंय." आणि तिनं सांगितलं. तीन जर्दाळू, फुलांनी भरलेले. मधल्याच्या खाली आई, हिरवा एप्रन लावून, चाळणी घेऊन बसलेली.

मीनो, मी इसाउराचा हात धरून ठेवला. नर्स आली, नाडी बघून गेली.

तू म्हणायचास झाडं आतून किडली होती. मी म्हणायचे एका झाडाला त्या वर्षीही फुलं आली होती. मी आजही तेच म्हणते. पण झाड तोडून टाकणारा माणूस आणि ते पत्र्यावर जपून ठेवणारा माणूस, हे दोघं एकच आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तूही सांगू शकला असतास. चातोकरवी का होईना.

ती गाडी विकायची नाही. मोठ्या बहिणीचा हुकूम समज. त्या एस्पान्योलाच्या माणसाला सांग, गाडीवर आमची आई आहे, आणि आई आम्ही विकत नाही. पाय राहिला तर राहिला, गेला तर गेला.

फ्रासिया

आल्बुकर्की, २९ जून

माझ्या मीनो,

लुसेरोबाई आत्ता गेली. कंपनीनं मान्य केलं. पाचही गाड्या. चळत पूर्ण धरली. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली, पुढच्या महिन्यात.

तू त्या ऑफिसात काय बोललास ते मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. ती नक्कलही छान करते, तुझं ते नाक ओढणंसुद्धा. इथल्या शेजारच्या पलंगावरच्या बाईनं पडद्याआडून विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, माझ्या भावाची साक्ष चालली आहे, तुम्हीही ऐका. तुझं बोलणं तुलाच परत लिहून पाठवते आहे, कारण ते कुठेतरी माझ्या अक्षरात असावं असं मला वाटतं.

त्यांनी विचारलं, "तुमची बहीण तुमच्या घरात राहते का?"

तू म्हणालास, "हो."

"पण त्या स्वतः म्हणतात, नाही."

"ती मी मूर्ख आहे असंही म्हणते. ते पण लिहून घेतलंत का?"

"तुम्ही एकमेकांशी बोलता?"

"नाही."

"मग काही सांगायचं असेल तर?"

"कुत्रा आहे."

लुसेरोबाई म्हणते, इथे टंकलेखन करणारी मुलगी थांबली आणि तिनं विचारलं, "कुत्रा असंच लिहू?"

मग कंपनीच्या बाईनं वाडग्याचं काढलं. मला वाटलं होतं तू इथे अडकशील. लुसेरोबाईलाही वाटलं होतं.

"तुम्ही सणाला बहिणीकडे वाडगं पाठवता, शेजाऱ्यांना पाठवता तसंच. बरोबर?"

"पाठवतो. पण बाई, तुमच्याकडे वाडगी फिरतात का?"

"नाही."

"मग तुम्हाला निम्मीच गोष्ट माहीत आहे. शेजाऱ्याकडे गेलेलं वाडगं परत कसं येतं?"

"कसं?"

"भरून. आपण पानोचा दिला, तर त्यांच्याकडून तांदळाची खीर येते. नाहीतर दोन अंडी. घरात काहीच नसलं तर मूठभर साखर. पण रिकामं येत नाही आणि खरकटं तर नाहीच नाही. माझ्या बहिणीनं नऊ वर्षांत वाडग्यात एकदाही काही घालून पाठवलं नाही. धुतलंही नाही. चमच्यासकट तसंच आमच्या उंबऱ्यावर आदळून जाते. माझी बायको दर वर्षी घासते आणि दर वर्षी ओरडते."

"म्हणजे तुमचं भांडण आहे."

"भांडण आहेच. ते कोण नाकारतंय? पण परक्याशी भांडण झालं की वाडगं थांबतं, बाई. आमचं कधी थांबलं नाही. आणि परक्याचं खरकटं माझी बायको नऊ वर्षं घासणार नाही, ती तशी बाई नाही. खाऊन झाल्यावर खरकटं तसंच टाकून जातो तो घरचाच माणूस असतो. तुमच्या घरी कोण टाकतं?"

म्हणे कंपनीची बाई म्हणाली, "माझा मुलगा." आणि मग ती पेन चावत खिडकीबाहेर बघत बसली.

मीनो, मी ते वाडगं तुला लागावं म्हणून तसं ठेवत होते. अगदी ठरवून. पानोचा चाटूनपुसून खायचे, कारण इसाउरासारखा मोड आलेल्या गव्हाचा पानोचा खोऱ्यात कोणी करत नाही, आणि मग मुद्दाम खरकटं ठेवायचे. तुला चिडवायला केलेलं माझं तेच एक काम माझ्या कामी आलं.

पण लुसेरोबाईनं त्यानंतर जे सांगितलं त्याची मला कल्पनाच नव्हती. त्यांनी विचारलं, वीज कोणाची? तू म्हणालास, एकच मीटर आहे. पाणी? एकच विहीर, एकच पंप. आणि तिची चूल, शेगडी? तेव्हा तू खाली बघत म्हणालास, "लाकडं मी फोडतो. तिला वाटतं माझी बायको विकत आणते. तिला सांगू नका, नाहीतर ती थंडीत बसेल पण जाळणार नाही."

आणि लुसेरोबाईनं मला सांगितलं. तिला वाटलं आता सांगायला हरकत नाही.

नऊ हिवाळे तुझ्या हातच्या लाकडांवर मी शेकत बसले आणि खिडकीतून तुझ्या शेडकडे बघून तुला नावं ठेवली. एवढी सारखी, एवढी बेताची फोडलेली लाकडं विकतची नसतात हे मला कळायला हवं होतं. बाबाही तशीच फोडायचे. तू इसाउराला कितीदा खोटं बोलायला लावलंस रे? आणि ती किती सहज बोलते!

मी आज रडले, आणि कोणापासून लपवलं नाही. शेजारच्या पलंगावरची बाईही रडली, तिचा काही संबंध नसताना. माझ्या पायावर कोणी कोणी काय काय घातलंय याचा हिशेब मी लावायला बसले आणि सोडून दिला. क्लेओफासची संत्री, इसाउराचे रोजचे दोन तास, तुझ्या गाड्या, 'विधवा' आणि 'नवरी', ती उड्या मारणारी निळी, आणि त्या दोन ज्यांची नावं मला माहीतही नाहीत. त्यांची नावं मला कळव. ज्यांच्यामुळे मी उभी राहणार, त्यांची नावं तरी माहीत असावीत.

देव तुझं भलं करो. हे मी रागात नाही म्हणत आहे.

तुझी बहीण
फ्रासिया

घरी, गुड फ्रायडे

मीनो,

शस्त्रक्रियेनंतर पत्रं बंद झाली म्हणून तू इसाउराला विचारलंस म्हणे, "रुसली का पुन्हा?" रुसले नाही. चालायला शिकत होते. ते एका वेळी एकच काम करण्यासारखं काम आहे. आणि मग घरी आले तेव्हा अंगणापलीकडे पत्र पाठवणं मलाच विचित्र वाटायला लागलं. तू बाहेर यायचास, मी बाहेर यायचे, दोघंही चातोकडे बघायचो आणि तो आपला दोघांकडे बघून शेपूट हलवायचा. एकदा तू त्याला म्हणालास, "चातो, त्या बाईला सांग, घसरण आहे, सांभाळून." मी म्हणाले, "चातो, त्याला सांग, दिसतं."

फादरना मी मागेच विचारलं होतं, शपथेचं काय करू? गाड्या तर हलायला नकोत, आता त्यांनाच मी सांभाळा म्हणते आहे. ते म्हणाले, "जिथे घेतलीत तिथे येऊन परत करा." मी म्हटलं, पायी यायला हवं का? ते म्हणाले, "ते तुम्ही आणि तुमचा डॉक्टर ठरवा."

आज जाऊन आले. सगळी वाट नाही चालले. इसाउरानं मला शेवटच्या वळणाच्या अलीकडे सोडलं. तिथून पुढे माझ्याच पायांनी, काठी घेऊन. वाटेत क्लेओफास होता. त्यानं गाडी मुलीच्या ताब्यात दिली आहे. आता रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून, संत्र्यांची पेटी मांडीवर घेऊन बसतो. मला बघून उठायला लागला तर पेटीच कलंडली. मी म्हटलं, "म्हाताऱ्या, बस खाली! तुझी संत्री मला धार्जिणी नाहीत." आम्ही दोघं खडीतली संत्री गोळा करत हसत होतो. त्यानं एक सोलून दिलं. या वेळी मी शिव्या न देता खाल्लं.

देवळात फार वेळ लागला नाही. मी सांगितलं, ही घ्या परत, मला आता नको. तुझं नाव घेतलं, इसाउराचं घेतलं. पाचही गाड्यांची नावं घेतली, मागच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.

परत आल्यावर, तू जेवायला बसला होतास तेव्हा, मी तुझ्या शेडमध्ये गेले. कुलूप नव्हतंच. नवरीच्या मागे जाऊन उभी राहिले. आईचं नाक चुकलंय. तिचं एवढं सरळ नव्हतं, बाबा म्हणायचे दारावर आपटलेलं आहे. पण चाळणी धरायची तिची पद्धत बरोबर आहे, अंगठा आत. ते तुला आठवलं आणि त्या रंगवणाऱ्याला तू सांगितलंस, हे मला कळलं. मधल्या झाडाला फुलं जास्त आहेत. तेच ते झाड, ज्याच्यावरून आपण भांडलो. म्हणजे फुलं होती, हे तुलाही माहीत होतं. तेवढं मला पुरे आहे. पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. म्हणजे प्रयत्न करेन.

कालचं वाडगं माझ्यासमोर आहे. गेल्या वर्षी आलेलं मी खाल्लं आणि ते तसंच राहून गेलं होतं, दुसऱ्या दिवशी मी खडीत पडले होते. ते इसाउरानंच नंतर माझ्या घरात येऊन नेलं असणार. या वर्षी पहिल्यांदा मी विचार केला, त्यात काहीतरी घालून द्यावं. घरात बिस्कोचितो बिस्किटं आहेत, ताजी, मीच केलेली. अक्रोड आहेत. एवढ्या उपकारांनंतर रिकामं भांडं कसं द्यायचं? हात पुढे केला होता, आणि मागे घेतला.

हे पत्र वाडग्यात ठेवून मीच घेऊन येते आहे, अंगणातून, माझ्या दोन पायांवर. दार उघडं ठेव, आणि काय बोलायचं ते मला आधी बोलू दे. दहा वर्षांचं साठलं आहे, पहिला मान माझा. वाडग्यात या कागदाशिवाय काही नाही. धुतलेलंही नाही, चमचा आतच आहे. इसाउराला सांग, ओरडायला आत्तापासून सुरुवात कर.

फ्रासिया